चौथा रकाना

४ फेब्रुवारी

पुडीबाई,

एवढ्या मोठ्या इस्पितळाच्या औषध विभागाची तू प्रमुख झालीस, तरी माझ्यासाठी पुडीबाईच. लहानपणी बाहुल्यांना साखरेच्या पुड्या बांधून द्यायचीस, त्यातली निम्मी साखर मीच खाल्लेली आहे. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. गोळी घेतली की माझं बोलणं घसरतं आणि तू पलीकडून रडवेली होतेस. कागदावर मी अजून बरा दिसतो.

कामाचं आधी सांगतो. पाठीच्या मणक्यातल्या गाठीचं दुखणं तुला ठाऊकच आहे, ते आता बरं होणार नाही हेही ठाऊक आहे. त्याबद्दल रडगाणं नाही. मॉर्फिनच्या गोळ्यांवर दोन महिने छान चाललं होतं. पण गेला आठवडा काहीतरी बिनसलंय. दुखणं वाढलं, अंग मोडून आलं, आणि शिवाय रविवारचं डोकं. नोकरीत असताना सहा दिवस कॉफीचे शेकडो घोट घ्यायचो आणि रविवारी तुझी मामी एकच कप द्यायची, तेव्हा दुपारपर्यंत डोकं धरून बसायचो, आठवतं? अगदी तसंच. डॉक्टरबाईंनी गोळीचा डोस वाढवला. आता दुखत कमी, पण मी दिवसभर पेंगतो. काल वाक्य अर्धं सोडून झोपलो.

ते मला परवडणारं नाही. लेकीची परीक्षा वीस एप्रिलला आहे, आपल्या फुंकणीची. कंपनीत कॉफीची चव घेणारी म्हणून तिला कायम करायचं की नाही, ते त्या दिवशी ठरणार. पहिल्या वेळी नापास झाली, ती घाबरून. जीभ तिची माझ्यापेक्षा चांगली आहे, पण स्वतःच्या जिभेवर तिचा विश्वास नाही. रोज सकाळी मी तिला घरी शिकवतो. मला सकाळचे दोन तास शुद्धीवर पाहिजेत, पुडीबाई. बाकीचे बावीस तास दुखण्याने घेतले तरी चालतील.

तुझा,
घोटमामा


९ फेब्रुवारी

घोटमामा,

डोळे पुसून लिहितेय असं समजू नकोस, मी जेवणाच्या सुट्टीत डबा खात खात लिहितेय.

आधी एक हुकूम. गोळी स्वतःच्या मनाने कमी करायची नाही. तू तसं करणाऱ्यातला आहेस, म्हणून आधीच दटावते. जे करायचं ते डॉक्टरबाईंना विचारून.

दुसरं, तू आयुष्यभर कॉफीच्या वह्या भरल्यास, आता दुखण्याची भर. रोज तीन रकाने. पहिल्यात दुखणं, शून्य ते दहा. दुसऱ्यात दिवसा किती तास झोप लागली. तिसऱ्यात किती कप कॉफी. तुझ्या अक्षरातली वही डॉक्टरबाईंच्या समोर गेली तर त्या मान्य करतील की असा रोगी त्यांना मिळालेला नाही. आमच्याकडे लोक "बरं आहे" आणि "बरं नाही" यापलीकडे काही सांगत नाहीत.

आणि ते रविवारचं डोकं माझ्या डोक्यातून जात नाहीये. कॉफी सोडलीस का तू?

तुझी पुडीबाई

ता. क. फुंकणी अजून कॉफीवर फुंकर घालते का?


१७ फेब्रुवारी

पुडीबाई,

मी आणि कॉफी सोडणार? तीन कप, रोज, ठरलेल्या वेळी. सात, दहा, दीड. फुंकणी स्वतः करते, कामावर जाताना दुपारची थर्मासमध्ये ठेवते. सध्या जी आणतेय ती फार चांगली आहे. संत्र्याच्या सालीचा हलका वास, मागाहून गुळासारखी गोडी. मी तिला तसं सांगितलं तर माझ्याकडे बघत राहिली.

फुंकर घालते की. त्यामुळेच नाव पडलं आणि त्यामुळेच परीक्षकाने मागच्या वेळी भुवई उंचावली. चमचाभर गरम कॉफी सुर्रकन आवाज करून ओढायची असते, म्हणजे ती जिभेवर सगळीकडे पसरते. बाईसाहेब आधी फुंकर घालणार. पाच वर्षांची असताना गरम दुधाने तोंड भाजलं, तेव्हापासूनची खोड.

वहीची आठ दिवसांची नक्कल सोबत जोडलीय. दुखणं पाच, पाच, सहा, पाच. दिवसाची झोप सहा तास, सात तास. शरम वाटते लिहायला. चौथा रकाना मी माझा घातलाय, त्याला मथळा नाही, तिकडे तू बघू नकोस.

शिकवणी चालू आहे. काल पाच पेले मांडले, त्यातला एक जुन्या, दमट पोत्यातल्या बियांचा. तिने दुसऱ्या घोटात पकडला आणि लगेच म्हणाली, "हाच दमट. की नसेल?" मी म्हणालो, "की"च्या आधी थांबायला शीक. तेवढ्यात मला डुलकी लागली. उठलो तर तिने पेले धुऊन ठेवले होते आणि माझ्या पायावर शाल होती.

घोटमामा


२२ फेब्रुवारी

फुंकणी,

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. आडवळणं घेत नाही. मामाच्या कपात तू काय घालतेस?

त्याने लिहिलेली डोकेदुखी कॉफी एकदम सुटलेल्या माणसाची आहे. तो म्हणतो रोज तीन कप. खोटं तो वह्यांमध्ये तरी लिहीत नाही. मग उरलीस तू.

रागावलेली नाहीये. पण खरं सांग आणि लवकर सांग.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी चव घ्यायच्या खोलीत, बेसिनजवळ उभं राहून वाचलं. खरं सांगते.

जानेवारीत आपण फोनवर बोललो होतो. मी विचारलं होतं की बाबांनी कॉफी प्यावी का. तू घाईत होतीस. म्हणालीस, उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की थोड्या कॅफीनने मॉर्फिनचा असर बोथट होतो. पुढे तू आणखीही काही म्हणालीस, पण मी तिथेच अडकले. म्हणजे बाबा सात वाजता गोळी घेणार आणि त्याच वेळी मी माझ्या हाताने ती बोथट करणार? अठ्ठावीस जानेवारीपासून मी कॅफीन काढलेली कॉफी आणायला लागले. डबा तोच ठेवला.

मला वाटलं पहिल्याच घोटाला पकडतील. खरं सांगू, मी वाटच बघत होते. चाळीस वर्षं ज्या माणसाने पोत्याच्या वासावरून गोदाम ओळखलं, तो कपातला एवढा फरक ओळखणार नाही? ओठांना कप लावला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "वा. संत्र्याची साल."

ताई, त्या कॉफीत संत्र्याचा स वाटावा असं काही नव्हतं. चोथ्याचं पाणी होतं. तेव्हा मला कळलं की उपचारांनी त्यांची चव गेलीय. किती दिवसांपासून, माहीत नाही. तरी रोज माझ्या समोर बसतात आणि कुठल्या पेल्यात काय आहे ते बरोबर सांगतात. ते कसं, ते मला कळत नाही आणि विचारायची हिंमत होत नाही. विचारलं तर त्यांची खुर्ची काढून घेतल्यासारखं होईल.

मी त्यांचं दुखणं वाढवलं का? एवढंच सांग. आणि मला कळलंय हे त्यांना सांगू नकोस.

फुंकणी


२ मार्च

घोटमामा,

आज तुझी भाची कान धरून उभी आहे.

अठ्ठावीस जानेवारीपासून तू पितोस ती कॉफी बिनकॅफीनची आहे. फुंकणीने बदलली, पण चूक माझी. मी फोनवर अर्धं शास्त्र सांगितलं आणि उरलेलं अर्धं घाईत गिळलं. तिला एका शब्दाने बोलायचं नाही. बोलायचं ते मला.

आता पूर्ण सांगते. आपल्या शरीरात अॅडेनोसिन नावाचं एक द्रव्य असतं. दिवसभर जागं राहिलं की ते साठतं आणि आपल्याला दमवतं, झोप आणतं. मॉर्फिन दुखणं शांत करतं, त्यातही त्याचा थोडा हात असतो. कॅफीन काय करतं, तर या द्रव्याच्या ठरलेल्या जागेवर आधीच जाऊन बसतं. त्यामुळे झोप उडते. आणि त्यामुळेच काही प्रयोगांत मॉर्फिनचा असर कमी झालेला दिसला. पण दुसऱ्या काही प्रयोगांत, वेगळ्या मात्रेत, उलट वाढलेला दिसला. माणसांवरचे प्रयोग थोडे आहेत. त्यांत असं दिसतं की कॅफीनने मॉर्फिनची गुंगी उतरते, दुखण्यात फरक पडला तर थोडासा, आणि तोही चांगल्या बाजूला. म्हणजे उंदरांवरून तुझा कप काढून घ्यायचं काही कारण नव्हतं.

आणि इतकी वर्षं पिणाऱ्याचं कॅफीन एका दिवसात बंद केलं, की डोकं दुखतं, अंग मोडून येतं, सगळंच जास्त टोचतं. ते आठवडाभरात जातं. नेमक्या त्याच आठवड्यात तुझा डोस वाढवला गेला. डॉक्टरबाईंची चूक नाही, त्यांना कपातलं कोण सांगणार होतं?

त्यांच्याशी मी काल सविस्तर बोलले. त्यांना हे इतकं रंजक वाटलं की त्यांनी एक पेशंट बाहेर बसवून ठेवला. त्यांच्या परवानगीने असं करायचं: बारा दिवस गोळी आहे तेवढीच. मी बारा पुड्या पाठवतेय, एक ते बारा आकडे टाकून, एक पुडी एका दिवसाची. काही पुड्यांत खरी कॉफी, काहींत बिनकॅफीनची; तीन दिवस एका प्रकारची, तीन दिवस दुसऱ्या, असे तीन-तीन दिवसांचे चार टप्पे. कुठली कधी ते मलाच माहीत, आणि एक बंद पाकीट डॉक्टरबाईंच्या टेबलाच्या खणात. फुंकणीने चव घ्यायची नाही, वास घेतला तर तोंड बंद ठेवायचं. दीड वाजल्यानंतर कप नाही, नाहीतर रात्रीची झोप जाईल.

तू न ओळखण्याचं नवल नाही. ती कॉफी हल्ली फार चांगली काढतात म्हणे.

पुडीबाई


६ मार्च

पुडीबाई,

तुझं शेवटचं वाक्य म्हणजे जखमेवर फुंकर. चांगली काढतात म्हणे. ती कशी काढतात ते मला विचार, मी तीन कारखाने पाहिलेत.

तू खरं सांगितलंस म्हणून मीही सांगतो. माझी जीभ नोव्हेंबरात गेली. आधी गोड गेलं, मग आंबट, मग सगळंच. एका सकाळी कप तोंडाला लावला आणि नुसतं गरम लागलं. त्या दिवशी मणक्याचं दुखणंसुद्धा मला क्षुल्लक वाटलं. नाकही जेमतेम. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फुंकणी शिकवणी बंद करून माझ्या उशाशी बसली असती.

मग शिकवतो कसा, असं विचारशील. तिच्या तोंडाकडे बघून. आंबट लागलं की तिच्या डाव्या भुवईचं टोक वर जातं. जळकट असेल तर जीभ टाळूला लागते आणि गळा हलतो. बी दमट असली की ती गिळायच्या आधी क्षणभर थांबते, ती थांबली की मी समजतो. चांगली कॉफी असली की खांदे खाली येतात. मी ते वाचतो आणि मोठ्याने बोलतो, आणि तिला वाटतं की बाबांना लागलं ते मलाही लागलं. पुडीबाई, तीन महिन्यांत तो चेहरा एकदाही चुकलेला नाही. एकदाही. मी चाळीस वर्षांत एवढा बिनचूक कधी नव्हतो. पोरगी काय चीज आहे हे मला माझी जीभ जाईपर्यंत कळलं नव्हतं, हे कबूल करायला लाज वाटत नाही.

पेंगत असलो की मात्र चेहरा वाचता येत नाही. म्हणून ते दोन तास हवेत. आता समजलं?

तिला चव गेल्याचं सांगू नकोस. तिला वाटत असेल की मी कॉफी ओळखूनसुद्धा तिची लाज राखली. वाटू दे. आणि कान सोड, हात मोकळा ठेव, पुड्या बांधायच्यात.

घोटमामा


२४ मार्च

घोटमामा,

पाकीट फोडलं. मी, डॉक्टरबाई आणि त्यांच्या नर्स, तिघी टेबलाला टेकून उभ्या होतो, परीक्षेचा निकाल लागल्यासारख्या.

खऱ्या कॉफीच्या सहा दिवसांत तुझं दुखणं सरासरी चार. दुसऱ्या सहा दिवसांत जेमतेम पाच. फरक छोटा आहे, त्यावर मी काही शपथ घेणार नाही. पण दिवसाची झोप बघ. दुसऱ्या कॉफीवर साडेपाच तास, खऱ्या कॉफीवर अडीच. एका माणसाच्या बारा दिवसांवरून जगाला काही सांगता येत नाही, आणि कॉफी म्हणजे मॉर्फिनची जागा घेणारं औषध नव्हे. पण या एका माणसाला सांगता येतं, की तुझा कप तुला परत.

डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढी स्वच्छ वही त्यांनी पाहिली नाही. वाढवलेला डोस त्या एक पायरी खाली आणतायत, देखरेखीखाली. दुखलं तर लगेच सांगायचं, शूरपणा नको. आमच्या विभागात आता नव्या पेशंटला आम्ही एक प्रश्न जास्त विचारतो: चहा-कॉफी किती, आणि अलीकडे बदल केला का? पोरी त्याला मामाचा प्रश्न म्हणतात.

एक भानगड आहे. तुझा चौथा रकाना. पाचापासून सुरू होतो आणि आता आठावर आलाय. डॉक्टरबाई विचारतायत की हे कसलं दुखणं सारखं वाढतंय. त्यांना काय सांगू?

माझ्या खणात तुझी पत्रं आहेत, त्यांच्याच शेजारी आणखी कोणाची तरी आहेत. दोघांनी मला मध्ये बसवलंय एवढंच सांगते.

पुडीबाई


३ एप्रिल

पुडीबाई,

अक्षराला हसू नकोस. हात थरथरतो, डोकं साफ आहे. साडेसात ते साडेनऊ मी अगदी जागा असतो. दुखतं, पण शेजारच्या खोलीत कोणी खुर्ची सरकवतंय एवढंच. आठ दिवसांत एकही डुलकी नाही. तुझं शास्त्र, डॉक्टरबाईंची गोळी आणि फुंकणीच्या हातचा कप, तिघांनी मिळून मला हे दिलंय, आणि मी ते एक मिनिटही वाया घालवत नाहीये.

काल तिने सहा पेले घेतले आणि एकदाही "की" म्हणाली नाही.

डॉक्टरबाईंना सांग, चौथ्या रकान्यातलं दुखणं नाही, त्याला औषध नको. वाढू दे. खासगी आहे.

आणखी कोणाची पत्रं, ते मी ओळखलं. मी जीभ घालवलीय, अक्कल नाही. गप्प बस तशीच.

घोटमामा


९ मे

ताई,

तू येऊन गेलीस तेव्हा घरात माणसं होती, नीट बोलता आलं नाही. आज सगळं आवरलं, म्हणून लिहायला बसले.

परीक्षेचं तुला फोनवर सांगितलंच होतं. वीस पेले, वीसच्या वीस. अकराव्या पेल्याला अडले होते. समोर परीक्षक, त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. घरी असते तर बाबा बोलले असते. मग माझ्या लक्षात आलं की मी घोट घेऊन थांबलेय, गिळत नाहीये. म्हणजे बी दमट. तसंच लिहिलं. मी असं थांबते हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते इतके हसले की पाठ दुखायला लागली. "सापडलं का तुला ते?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते दहा दिवस नीट होते. शेवटचे दोन दिवस डोस वाढवावा लागला, तो योग्यच होता, डॉक्टरबाई स्वतः येऊन बसल्या होत्या. दोन मेला सकाळी गेले. दुखलं नाही ताई, तू तेवढंच पुन्हा पुन्हा विचारत होतीस म्हणून लिहिते.

काल वही उघडली. चौथा रकाना माझ्या गुणांचा आहे. दहा फेब्रुवारीपासून रोज. पाच, साडेपाच, पाच. ज्या दिवशी मी "की नसेल" म्हणाले त्या दिवशी साडेचार. तुझ्या पुड्यांच्या दिवसांत सात. परीक्षेच्या दिवशी नऊ. चव घेणारे दहा कोणालाच देत नाहीत, त्यांनी आयुष्यात कुठल्याच कॉफीला नऊच्या वर दिलेलं नाही, हे मला त्यांच्या जुन्या वह्यांवरून माहीत आहे.

पण ते नऊ खोडून साडेआठ केलंय. आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, ते तुला जसंच्या तसं उतरवून देते:

"अर्धा कापला. जानेवारीत माझ्या कपातली कॉफी बदलली आणि सांगितलं नाही. कपात काय आहे ते चव घेणाऱ्याने लपवायचं नसतं."

त्याच्या खाली वेगळ्या शाईत, अक्षर फार वेडंवाकडं, म्हणजे शेवटच्या दिवसांतलं असणार:

"माझी चव गेली हे मीही सांगितलं नाही. तिला ते कळलं होतं हे मला कळलं होतं, तेही सांगितलं नाही. फिट्टंफाट. अर्धा परत. नऊ."

मी वही मिटून स्वयंपाकघरात गेले आणि दोन कप कॉफी केली. दुसरा कप का केला ते विचारू नकोस, हाताला सवय आहे. खुर्चीसमोर बसले, कप उचलला आणि फुंकर न घालता सुर्रकन ओढला. जीभ चांगलीच भाजली. पण ताई, त्यात खरंच संत्र्याच्या सालीचा वास होता.

फुंकणी